धाकट्या मुलाचे वय

कोंडशेत, ता. राजापूर
बुधवार, २७ मे २०२६

प्रिय संध्या,

आशीर्वाद. तू धाकटी भावजय, मी मोठी नणंद, म्हणून मी आशीर्वाद लिहायचा अशी रीत आहे. तुला तो नको असेल तर ही ओळ सोड आणि पुढे वाच. पण वाच. फोन केला की तू तो शिवाच्या हातात देतेस, आणि शिवा "बरा हाय, तू बरी हायस ना?" एवढं बोलून ठेवून देतो. माझ्या भावाला देवाने तोंड दिलंय ते फक्त भात खायला. म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघे सोडले तर माझी तब्येत चांगली. आंबा यंदा उशिरा आला आणि लवकर संपला. फणस मात्र इतका लागलाय की खायला माणसं कमी पडतात. तुमच्या परड्यातल्या काप्याचे गरे तळून डब्यात भरून ठेवलेत, शिवा गणपतीला आला की त्याच्याबरोबर देते. पावसाआधीची सगळी तयारी झाली. लाकडं आत घेतली, कोकमं वाळली. तुमच्या माजघरावरची चार कौलं सरकली होती, ती बागेतल्या राखणदाराकडून बसवून घेतली.

आता तुझ्या मनात येईल, आमच्या माजघरावरची कौलं सरकली हे हिला कुठून दिसलं. तेच सांगायचं आहे. पण मी जरा वळसा घेऊन सांगणार आहे. मला तो घ्यावाच लागेल.

काशीवहिनी जानेवारीत लेकीकडे नालासोपाऱ्याला गेली, बहुतेक कायमचीच. जाताना तिच्याकडे असलेल्या अकरा घरांच्या चाव्या फडक्यात बांधून माझ्याकडे आणून दिल्या. माझ्याकडे आधीच चौदा होत्या. तुमची चावी त्या अकरांत आहे. आपल्या दोन घरांमध्ये एक भिंत, तरी तू चावी मुद्दाम चार घरं सोडून काशीकडे दिली होतीस, हे सगळ्या वाडीला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. काशी म्हणाली, "संध्याला सांगू नको गो. ती माज्यावर रागवंल." मी सांगतेय. आता ती नालासोपाऱ्याला बसली आहे, तू रागावून तिचं काय करणार.

शिमग्याला पालखी बंद घर टाळून पुढे जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. ज्याच्याकडे चावी, त्याने दार उघडायचं, दिवा लावायचा, देवीची ओटी भरायची. गाऱ्हाण्यात त्या घरवाल्याचं नाव आलं की त्याच्या वतीने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काही जण रजा काढून आले होते, त्यांनी आपापली दारं उघडली. उरलेल्या एकोणीस घरांसाठी यंदा मी एकटीने व्हय म्हटलं. शेवटी घसा बसला. तुमचं दारही मीच उघडलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आपली शाळा बंद झाली. एप्रिलअखेर कागद आला. चार मुलं होती, त्यांतली दोन बागेतल्या नेपाळी राखणदाराची. जूनपासून ती चौघं सहा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जायची आहेत, गाडी सरकार देणार म्हणतात. तुझ्या दर्शनाच्या वर्गात एकोणीस पोरं होती, आठवतं? मी लस टोचायला यायचे तेव्हा रांग दाराबाहेर जायची आणि गुणवंतीचा पोरगा खिडकीतून उडी मारून पळायचा. तो आता मुंबईत रिक्षा चालवतो. एक मुलगी आहे त्याची, तिला गावचं नाव सांगता येत नाही.

मागच्या वर्षात आपल्या गावात एकच बाळंतपण झालं, त्या राखणदाराच्याच बायकोचं. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती मलाच बोलवायला आली. मुलगी आहे, तीन किलोची. अख्खी वाडी बघून आली. धोंडूकाकासुद्धा काठी टेकत गेले. त्या बिचारीला कळेना की एवढी माणसं कशाला येताहेत.

या महिन्यात जनगणनेची घरयादी झाली. शाळेचे नितेश गुरुजी मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बरोबर चला, मला कुठल्या घरात कोण ते सांगा." गेले. एकसष्ट घरांपैकी अडतीस बंद. गुरुजी प्रत्येक दाराशी थांबायचे, मी नाव सांगायचे, ते "कुलूपबंद" म्हणून बोट टेकवायचे. धोंडूकाका आमच्या मागून येत होते. विसाव्या घराशी त्यांचा संयम संपला.

"बंद बंद काय लिवताव? ती माणसा काय मेली हायत? मुंबैला हायत. शिमग्याला येतत, गणपतीला येतत."

"काका, आज इथं राहतात का, एवढंच मला विचारलंय," गुरुजी म्हणाले.

"मंग इचारणाऱ्याला अक्कल नाय."

मागच्या वेळी, पंधरा वर्षांपूर्वी, हे काम मी केलं होतं आणि धोंडूकाका म्हणतील तशी बरीच मुंबईची नावं गावात धरली होती. कुणाचं नाव गाळायला हात धजावत नाही गं. सगळ्या गावांनी असंच केलं असणार, तरीसुद्धा तेव्हा आपल्या जिल्ह्याची माणसं आधीपेक्षा कमीच भरली होती. या वेळी मी ठरवलं होतं की जे आहे तेच सांगायचं. तुमच्या घराशी आलो तेव्हा धोंडूकाका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "शिवा आणि संध्या. लोट्याला असतात. कुलूपबंद लिहा."

गेल्या आठवड्यात ग्रामसभा झाली. तालुक्याचे एक साहेब आले होते. गावं ओस पडताहेत, तरुणांनी परत यावं, काजूच्या कारखान्याला कर्ज आहे, घरी पाहुणे ठेवायचे असतील तर अनुदान आहे, असं बरंच बोलले. वाईट माणूस नव्हता. धोंडूकाकांनी उठून विचारलं, "कर्ज ऱ्हावंदे सायब. आमच्या पोरांना बायका खय मिळतील ता सांगा." सगळे हसले, पण प्रश्न खरा होता. आपल्या वाडीत तिशी ओलांडलेले पाच जण बिनलग्नाचे आहेत. मुली म्हणतात, मुंबईत खोली असेल तर बोला. त्यांचंही काय चुकलं? आपण दोघींनी विहिरीवरून किती पाणी वाहिलं ते आपल्याला माहीत आहे.

मग सरपंच म्हणाले, "काही राज्यांत आता जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगायला लागलेत. आपल्याकडे मात्र सरपंचाला अजून तिसरं चालत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुमची कुटुंब नियोजनाची फुलं-पाखरांची तक्ती काढा बाहेर, आता उलटा प्रचार करायचा." पुन्हा सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू तोंडावरच होतं, आणि दार लावल्यावर मी तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.

संध्या, मी चौतीस वर्षांत चारशे बारा बायकांची ऑपरेशनं करवली. आकडा मला पाठ आहे, कारण निवृत्तीच्या दिवशी तो माईकवरून वाचून दाखवला होता. त्यांतल्या बहुतेकींचं मी भलंच केलं, असं मला आजही वाटतं. सहावं, सातवं बाळंतपण झाल्यावर सोनूबाई कशी दिसायची ते मी पाहिलंय. ज्या बायका अंधारात माझ्या दाराशी येऊन "सिस्टर, घरात कळू न देता होईल काय?" म्हणून विचारायच्या, त्यांच्याबद्दल मला कसलाही पश्चात्ताप नाही. गाव रिकामं झालं ते माझ्या चारशे बारांमुळे नाही, हेही मला कळतं. घरटी दोन मुलं पुरली असती, ती दोन इथे राहिली असती तर.

माझा हिशेब चारशे बारांचा नाही. एकीचा आहे.

पण आधी दर्शनाचं सांगते, कारण हे पत्र तिच्यामुळे लिहितेय. तिने मला सोळा तारखेला फोन केला. तुला न सांगता केला, तिला रागावू नकोस. पाळी संपवून कंपनीच्या बसमधून बोलत होती, मागे गलका होता. म्हणाली, "आत्या, दुसऱ्याची ऑगस्टची तारीख दिलीय. डॉक्टर विचारतात, बाळंतपणाबरोबरच ऑपरेशन उरकायचं का. संदेश म्हणतो तुझी मर्जी. दोघं पाळीवर जातो, दोन मुलांचंच कसं होईल कळत नाही, तिसरं तर शक्यच नाही. पण सही करायची म्हटलं की हात थांबतो. तू एवढ्या जणींना समजावलंस, मला सांग ना."

मी विचारलं, "आईला विचारलंस?"

"तिला विचारलं की ती उठून आत जाते."

चौतीस वर्षं मला या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात देता यायचं. दर्शनाला मी म्हटलं, विचार करून सांगते. आज अकरा दिवस झाले. ती रोज वाट बघत असेल.

आता तुमच्या दाराचं.

पालखी अंगणात आली तेव्हा मी दिवा लावला, आणि ओटी भरायला हळद-कुंकू सापडेना. देव्हाऱ्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात असेल म्हणून उघडला. कुंकू होतं. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद होते, एकमेकांना टाचणी मारलेले. टाचणी गंजून तिचा डाग दोन्ही कागदांवर उतरला होता. वरचं तुझ्या रूपेशचं लसीचं कार्ड. खालचा तुझ्या ऑपरेशनचा केसपेपर. दोन्हींवर अक्षर माझं.

बाहेर ढोल वाजत होता आणि लोक हाका मारत होते, "सिस्टर, अवो देवी थांबलीय." मी ओटी भरली. गाऱ्हाण्यात शिवाचं नाव आलं, मी व्हय म्हाराजा म्हटलं. मग पालखी पुढे गेली आणि मी पुन्हा आत जाऊन नीट बघितलं. बघायची गरज नव्हती. त्या दोन कागदांवर काय आहे ते मला एकवीस वर्षं माहीत आहे. तुलाही माहीत आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता लिहिते. तुला माहीत असलं तरी ते माझ्या हातून लिहिलं जायला हवं.

२००५ च्या फेब्रुवारीत माझी वर्षाची अठरा ऑपरेशनं झाली होती, वीस हवी होती. टार्गेट कागदावर केव्हाच रद्द झालं होतं, त्याला आता "अपेक्षित काम" म्हणायचे. पण मीटिंगमध्ये उभं करून विचारायचे ते तसंच विचारायचे. शिवाय बायका मला तोंडावर म्हणायच्या, "आमाला सांगताव, तुमच्या भावजयीचा का नाय केलाव?" दर्शना चार वर्षांची, रूपेश मांडीवर. मी तुझ्याकडे आले. तू भात निवडत होतीस. तू म्हणालीस, "वन्सं, मला नाय म्हणायचा नाय. पण पोरगा जरा मोठा होवंदे. एक वरीस थांबूया." मी म्हटलं, पुढच्या वर्षी शिबिर होईल न होईल. हे खोटं होतं. शिबिर दरवर्षी व्हायचं. मी म्हटलं, उद्या वाटलंच तर नळ्या परत जोडता येतात. हे मी इतक्या सहज म्हटलं जसं काही शिवण उसवून परत घालायची आहे. आईला मी आधीच पटवून ठेवलं होतं आणि शिवा तर काही बोलतच नाही. तू एकटी पडलीस आणि हो म्हणालीस.

आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांचा स्वतःचा एक दंडक होता. धाकटं मूल वर्षाचं झाल्याशिवाय ते कुणाला टेबलावर घेत नसत. म्हणत, पहिलं वर्ष काढू दे, मग बघू. केसपेपरवर तशी ओळच होती, "धाकट्या मुलाचे वय". त्या ओळीवर मी "१४ महिने" लिहिलं आणि खाली प्रवर्तक म्हणून, म्हणजे बाईला तयार करणारी म्हणून, सही केली. रूपेशचं कार्ड मीच भरलेलं, जन्मतारीख मला तोंडपाठ होती. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही. मार्चमध्ये तालुक्याला माझा सत्कार झाला आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्या चार महिन्यांमुळे रूपेश गेला असं नाही. तो सात वर्षांचा होऊन गेला, मेंदूज्वराने, आणि तीन दिवस मी त्याच्या उशाशी होते. त्यात कुणाचाच दोष नव्हता. पण तू एक वर्ष मागितलं होतंस. ते वर्ष मिळालं असतं तर तू कदाचित पुढे नाही म्हणाली असतीस, कदाचित हो. ते तुझं तू ठरवलं असतंस. रूपेशनंतर तू नळ्या जोडायला मुंबईला गेलीस, दोनदा पोट कापून घेतलंस आणि हात हलवत परत आलीस, तेव्हा मी एस.टी. स्टँडवर न्यायला आले होते. तू मला म्हणालीस, "नर्सबाई, तुम्ही जावा घरी." त्या दिवसापासून मी तुझी वन्सं नाही.

मला वाटायचं, तू मला माझ्या सल्ल्याबद्दल दोष देतेस. सल्ला तर मी सगळ्यांनाच दिला होता, म्हणून मी मनात तुझ्याशी भांडायचे. पंधरा वर्षं भांडले. आणि तू ते दोन कागद टाचणीने जोडून देवाखाली ठेवले होतेस, आणि एका शब्दाने कुणाला बोलली नव्हतीस. बोलली असतीस तर माझी नोकरी गेली असती. शिवालाही सांगितलं नसशील, कारण त्याला कळलं असतं तर तो गणपतीला माझ्याकडे जेवला नसता.

मला फार लाज वाटते, संध्या. यापेक्षा चांगला शब्द सापडत नाही.

दर्शनाला मी उत्तर देणार नाही. ते द्यायचा हक्क मला नाही. गावात पोरं नाहीत म्हणून तिने मूल होऊ द्यावं असं मी म्हणणार नाही, आणि दोन पुरेत म्हणून थांब असंही म्हणणार नाही. तिने करून घेतलं तरी चांगलं, नाही घेतलं तरी चांगलं, फक्त तिला घाई करणारं कुणी जवळ नसावं. ती पुन्हा विचारेल तेव्हा तू उठून आत जाऊ नकोस. तिच्याजवळ बस. तिला सगळं सांग, माझ्या नावासकट. आत्या म्हणून माझी तिच्याकडे जी किंमत आहे ती गेली तरी चालेल. तुझी गोष्ट ऐकून तिने जे ठरवलं ते तिचं असेल.

कागद मी जसे होते तसे पिशवीत घालून परत डब्यात ठेवलेत. टाचणी काढली नाही. आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, नोंद चुकली तर खाडाखोड करायची नाही, वरून कागद चिकटवायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. मला त्या केसपेपरवर ती दुरुस्ती करायची आहे. पण कागद तुझा आहे आणि घरही तुझं आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर करीन. नको म्हणालीस तर चूक तशीच राहू दे, तो तुझा पुरावा आहे.

चावी मी दुसऱ्या कुणाला देऊ का, तेवढं शिवाकडून कळव. खरं म्हणजे द्यायला दुसरं फारसं कुणी उरलेलं नाही. तोवर दर शनिवारी दार उघडून वारा लागू देते. देव्हाऱ्याशी जात नाही.

या पत्रापुरती दुरुस्ती इथे करून ठेवते.

धाकट्या मुलाचे वय: दहा महिने चार दिवस.

सगुणा
(तुझ्या केसपेपरवर प्रवर्तक म्हणून सही केलेली)
२७ मे २०२६